एक फळी तुझी, एक फळी माझी

सन १८९१. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. वय एवढं छातीठोक सांगतोय, कारण आमच्या लोकांचा जन्म देवळात लिहून ठेवलेला असतो. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, वाचणाऱ्याने गोंधळून जाऊ नये. माझा जोडीदार धर्मा सुतार मात्र आपलं वय कधी तीस सांगायचा, कधी चाळीस. "खाडीचं पाणी आमच्या अंगणात आलेलं, त्या साली मी रांगत होतो," एवढाच त्याचा दाखला.

एका मासिकाच्या अंकवाल्यांनी मला सांगितलं की बाबा, तुमच्या धंद्याविषयी लिहा. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला बसलो तर धंदा एका पानात संपतो आणि धर्मा संपत नाही. तेव्हा दोघांचं मिळूनच लिहितो. ज्यांना नुसता धंदा हवा त्यांनी मधेच उठून जावं, मला राग नाही.

आमचा धंदा लाकूड कापायचा. कल्याणच्या खाडीकाठी एका शेठची वखार होती. शहापूर-मुरबाडच्या रानातला साग तिथे बैलगाड्यांनी यायचा, त्याच्या फळ्या व्हायच्या आणि होड्यांत भरून ठाण्याला, मुंबईला जायच्या. आता यंत्राची करवत आली आहे. ती पाहायला मला नातू घेऊन गेला होता. चांगली आहे. आवाज फार करते आणि बोलू देत नाही.

आमच्या वेळी जमिनीत माणूसभर खोल खड्डा असायचा. त्याच्यावर दोन जाड वासे आडवे टाकलेले आणि त्या वाशांवर ओंडका. काजळीत बुडवलेलं सूत ओंडक्यावर ताणून टणकन सोडलं की काळी रेघ उमटायची. मग एक गडी ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. मधे पुरुषभर उंचीची करवत, तिला वर एक मूठ, खाली एक मूठ. खालचा ओढतो तेव्हा लाकूड कापलं जातं. वरचा करवत उचलतो आणि रेघेवर ठेवतो. जोर खालच्याचा, नजर वरच्याची. चिरेत पाचर मारत मारत पुढे सरकायचं. एवढाच धंदा.

पण यात एक गोष्ट आहे जी बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. खालच्याच्या तोंडावर सगळा भुसा पडतो. डोळे किलकिले, नाकातोंडाला पंचा बांधलेला. त्याने तोंड उघडलं की मूठभर सागाचा भुसा आत, आणि सागाचा भुसा कडू असतो. म्हणजे वरचा बोलू शकतो, खालचा बोलू शकत नाही. आणि दर फळीला जागा बदलायची हा सगळ्या वखारींचा रिवाज, नाहीतर एकाच गड्याची छाती भरते.

धर्माची नि माझी बारा वर्षांची भांडणं या रिवाजावर चालली. वर असेल त्याने बोलायचं, खाली असेल त्याने ऐकायचं. फळी संपली की जागा बदलायच्या आणि मग उत्तर. एक फळी तुझी, एक फळी माझी. मधे बोलणं नाही, वर आवाज चढवणं नाही. चिडून करवत चालवली की ती रेघ सोडते, आणि वाकडी फळी शेठ आमच्या डोळ्यांसमोर बाजूला काढून ठेवायचा. मोठा मुद्दा असला की मी मुद्दाम लांब ओंडक्याची वाट बघायचो. आखूड फळीवर वाया घालवायचो नाही.

भांडणाला विषय कमी नव्हते. मी ख्रिस्ती आणि धर्माला कुठलाच देव मान्य नाही. नाव धर्मा आणि धर्म कुठलाच नाही, यावर वखारीत सगळ्यांनी हसून घेतलेलं होतं. पण तो जन्माचा असा नव्हता. पटकीच्या साथीत त्याची बायको आणि धाकटा मुलगा गेला. तेव्हा त्याने गावदेवीला नवस केला, पिराला चादर कबूल केली आणि माझ्या हातून आमच्या देवळात मेणबत्तीही लावली. कुणीच ऐकलं नाही. घरी परत येऊन त्याने देव्हाऱ्यातले देव भावाकडे कोपर गावी नेऊन दिले आणि देव्हाऱ्याच्या लाकडाचा बसायचा पाट केला. सुतारच तो. लाकूड फेकवलं नाही. एक मुलगी राहिली, यमुना. तिला घेऊन ठाकुर्लीला राहायचा.

"माझ्या मेणबत्तीचं काय झालं रे?" एकदा वरून त्याने मला विचारलं. मी खाली. उत्तराला मला फळीभर वेळ होता. वर गेल्यावर मी म्हटलं, "ते मलाही ठाऊक नाही. पण मी अजून लावतो." तो खाली होता. त्या फळीला त्याने जरा हळू ओढलं.

एकदा डोंबिवलीचे एक वृद्ध गृहस्थ आले. देव्हाऱ्यासाठी साग हवा होता. लाकूड पसंत पडलं, मग माझ्या गळ्यातला क्रूस दिसला. म्हणाले, "देवाचं लाकूड आहे. ख्रिस्तावाचा हात लागायला नको."

धर्मा म्हणाला, "काका, करवतीला दोन मुठी आहेत. एक ख्रिस्ती, एक नास्तिक. कुठली चालेल?"

गृहस्थ विचारात पडले. "नास्तिक म्हणजे जातीने कोण?"

"सुतार."

"मग चालेल."

"पण एका मुठीने करवत चालत नाही ना, काका."

शेवटी गृहस्थांनी तोड काढली की मान्वेलने (मान्वेल म्हणजे मी) आधी हात धुवावेत. मी म्हटलं, हात मी जरूर धुवीन, पण कापून झाल्यावर. शेठने माझ्याकडे असं बघितलं की आता उद्यापासून येऊ नकोस म्हणतो की काय. पण गृहस्थ हसले आणि म्हणाले, कापा बाबांनो, मला घरी जायचंय. लाकूड छान निघालं. त्या दिवशी धर्मा वरून म्हणाला, "मान्या, गंमत बघ. मी देवच मानत नाही ते त्यांना चालतं. तू दुसरा मानतोस ते चालत नाही." माझी फळी आली तेव्हा मी म्हटलं, "दुसरा नाही, एकच." आणि संध्याकाळपर्यंत आम्ही त्यावरच होतो.

मला लोक विचारतात, इतकं भांडून तुमची जोडी टिकली कशी. त्याचं उत्तर माझ्या बापसाच्या मरणात आहे.

बापूस गेला तेव्हा पुरायच्या पेटीची लाकडं आमच्याच वखारीतून न्यायची ठरली. धर्मा आणि मी कापली. मग धर्मा रंधा घेऊन बसला. बाहेरून रंधा मारून झाल्यावर त्याने फळ्या उलटल्या आणि आतल्या बाजूने सुरू केलं. मेलं की माणूस संपला, मागे काही उरत नाही, असं वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावरून सांगणारा हा माणूस. आतली बाजू हाताने चाचपत होता, पुन्हा रंधा मारत होता.

मी म्हटलं, "आतून कशाला? कोण बघणार?"

वर न बघता म्हणाला, "तुमच्यात माणूस परत उठतो म्हणता ना. उठताना म्हाताऱ्याला कुसळ टोचायला नको."

यावर मी एकही फळी बोललो नाही. आजपर्यंत नाही.

आता त्या सालची, एक्क्याण्णवची गोष्ट. त्या दिवसांत सगळीकडे एकच चर्चा होती. मुलींच्या लग्नाच्या बाबतीत सरकार वयाचा कायदा करतंय म्हणून. आमचे दिवाणजी, म्हणजे वखारीचा हिशेब बघणारे तरणे गृहस्थ, इंग्रजी शिकलेले. देव म्हणजे निसर्गाचा नियम, बाकी काही नाही असं ते म्हणायचे आणि लघवीला जाताना जानवं कानाला लावायचे नाहीत. ते दुपारी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. पुण्यात सभा, मुंबईत सभा, सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सरकारने जरूर घालावा.

त्यावर मी वरून म्हटलं, "आमच्यात असलं काही नाही. पोर मोठी झाल्याशिवाय पाद्रीबाबा लग्न लावत नाहीत, आणि नवरा मेला तर बाई दुसरं लग्न करते. कायदा लागत नाही आम्हाला."

धर्माची फळी आली. म्हणाला, "आमच्यात नाही, आमच्यात नाही, हे तू फार म्हणतोस. तुमच्या वाडीच्या विहिरीवर कोण आधी पाणी भरतं आणि कोण लांब उभं राहतं, ते मी तुझ्या बापसाच्या मातीला आलो तेव्हा बघितलंय. तेही ख्रिस्तीच होते."

विहिरीचा मुद्दा मी बाजूला ठेवला. तो अजून तिथेच आहे. पुढची फळी माझी होती म्हणून मी पुन्हा मुलींच्या लग्नावर आलो आणि तावातावाने बोललो. खालून करवत नुसती ओढली जात होती, नेहमीपेक्षा जोरात. फळी संपल्यावर मला आठवलं की यमुनेचं लग्न धर्माने आठव्या वर्षी लावलं होतं. सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा मुलगा तापाने गेला. त्यांच्या जातीत दुसरं लग्न नाही. आता ती अठरा वर्षांची होती आणि बापाची भाकरी घेऊन रोज ठाकुर्लीहून चालत वखारीवर यायची.

धर्मा वर चढला. मी वाट बघत होतो की आता हा काय बोलतो. तो म्हणाला, "सूत जरा डावीकडे पडलंय." 

यमुना भाकरी दिली की लगेच जात नसे. चुलीला ढलप्या गोळा करायची, ओंडक्यांच्या मागे सावलीत बसायची. माझा धाकटा भाऊ पावलू होडी घेऊन ठाण्याहून फळ्या न्यायला यायचा. भरती येईपर्यंत त्यालाही काम नसायचं. आम्ही दोघं जगाचे प्रश्न सोडवत असायचो आणि ही दोघं ओंडक्यामागे बसून आमच्यावर हसत असायची. पावलू माझी नक्कल करायचा, ती बापाची. हे मला फार उशिरा कळलं. लग्न त्यातून जमलं म्हणा.

पावलूने मला सांगितलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. वाटलं, एवढी वर्षं जे बोललो ते आता करून दाखवायची वेळ आली. मुरबाडचा एक चांगला लांब ओंडका आला त्या दिवशी मी वर होतो. मी सुरुवात केली.

"धर्मा, आपली यमुना आणि आमचा पावलू. दोघांच्या मनात आहे. तुझ्या जातीत कुणी पुढे यायचं नाही, आमच्यात कुणाची आडकाठी नाही. वाजतगाजत लग्न लावू. वाजंत्री, मांडव, सगळं. फक्त तिने आधी पाद्रीबाबांकडे शिकवण घ्यायची आणि डोक्यावर पाणी घ्यायचं."

डोक्यावर पाणी म्हणजे बाप्तिस्मा.

करवत थांबली. बारा वर्षांत फळीच्या मधे करवत कधी थांबली नव्हती, गाठ लागल्याशिवाय. खालून धर्मा शिडीने वर आला. तोंडावरचा पंचा खाली ओढला, भुसा थुंकला.

"गळ टाकून बसलेलास तर."

"कसला गळ?"

"बारा वर्षं माझ्याशी गोड बोललास. आज ओढलास."

"अरे, मी पोरीचं भलं बोलतोय."

"आठव्या वर्षी तिला मागायला आलेले, तेही भलंच बोलत होते. त्यांचीही अट होती, तुझीही अट आहे. माझ्या घरातून देव बाहेर गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. लग्नाचा दिवस सोडला, तर त्यानंतर ती कुणाच्या पाया पडलेली नाही. आता नवऱ्यासाठी पाया पडायचं?"

"अट माझी नाही. देवाची आहे."

"मग देवाला सांग, खाली उतर आणि करवत धर."

असं म्हणून तो वखारीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला. ती अर्धी राहिलेली फळी आम्ही एक शब्द न बोलता पुरी केली. त्यानंतर कित्येक दिवस कुणीच बोललं नाही, वरचा नाही आणि खालचाही नाही. फळ्या अशा सरळ निघाल्या की शेठ हात फिरवून बघायचा. म्हणाला, "असेच रुसून राहा रे बाबांनो." दिवाणजींना मी विचारलं, तुमचं काय मत? ते म्हणाले, तत्त्व म्हणून दोघांचंही बरोबर आहे. मग वर्तमानपत्रात डोकं घालून बसले.

मी चुकलो होतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. जे मला सगळ्यात चांगलं वाटतं ते मी माझ्या माणसाला देऊ पाहिलं. पण गळ हा शब्द मला लागला.  यमुना भाकरी ठेवून लगेच परत जायची. ढलप्यांचा ढीग तसाच पडून होता.

मग एका शनिवारी पावलू होडी लावून धावत आला.

"दादा, सोमवारी यमुनेला नागोठण्याला पाठवतायत. तिच्या काकाच्या सासुरवाडीला, घरकामाला. आपलं कोपरपर्यंत कळलंय. काका म्हणतो, नाव जाईल."

"आणि धर्मा?"

"तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

"आणि तू?"

"मी तुझ्याकडे आलोय ना." पावलूने माझं मनगट धरलं. "बारा वर्षं दोघं सगळ्या जगाचं ठरवताय. हे एक ठरवा."

नागोठण्याला गेलेली विधवा मुलगी परत कशी येते ते मला सांगायला नको होतं. ती येत नाही. दुसऱ्याच्या चुलीपाशी म्हातारी होते.

रविवारी ठाण्याला मिस, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, झाल्यावर मी पाद्रीबाबांकडे गेलो. आमचे पाद्री म्हातारे होते, बोलायला सौम्य, पण डोळा तिखट. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "मान्वेल, ती मुलगी ख्रिस्ती व्हावी असं तुला वाटतं, की धर्मा हरावा असं वाटतं?"

मी खरं ते सांगितलं. "दोन्ही, फादर."

ते हसले. म्हणाले, "मनात नसताना मी कुणाच्या डोक्यावर पाणी घालत नाही. ते नदीवर अंघोळ केल्यासारखं होईल." मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलीशी आमच्या मुलाचं लग्न लावता येतं. वरून, म्हणजे बिशपांकडून परवानगी मागवावी लागते. ती मी मागवतो म्हणाले. तिच्यावर सक्ती नाही. पण मुलं झाली तर त्यांचा बाप्तिस्मा करायचा. आणि लग्न वेदीपुढे नाही, बाजूच्या खोलीत. गाणी नाहीत, मिस नाही.

"बाजूच्या खोलीत?" मी म्हटलं. "जिथे मेणबत्त्यांची खोकी असतात तिथे? माझ्या भावाचं लग्न?"

"तिथेच. तुला कमीपणा वाटतो?"

वाटला. खोटं कशाला लिहू. आमच्या घरातलं प्रत्येक लग्न मोठ्या वेदीपुढे लागलेलं. आयला जाऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझा पावलू काय चोर हाय, कोठीत लगीन करायला?" मग जरा वेळाने म्हणाली, "पोर ती सुकी मासळी खाते का, तेवढं विचारून ये." म्हणजे आय तयार झाली.

दुपारी ठाकुर्लीला गेलो. धर्मा ओटीवर देव्हाऱ्याच्या त्या पाटावर बसला होता. यमुना आत सुपात तांदूळ निवडत होती. खुंटीला गाठोडं बांधून ठेवलेलं. ते गाठोडं एवढंसं होतं. एका माणसाचं सगळं त्यात मावलं होतं.

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. धर्मा बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उभ्यानेच पाद्रीबाबांचं सगळं सांगितलं.

धर्माने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या पोरीला सोडलंत आणि नातवंडांना धरलंत. त्या पोरांना कोण विचारणार, पाणी हवं का म्हणून?"

माझ्या तोंडून गेलं, "तू पोरीला विचारून लग्न लावलेलंस?"

गेलं ते गेलं. धर्मा खाली बघत राहिला. पाटाची कड बोटाने खरवडत राहिला. आत सुपाचा आवाज थांबला.

यमुना बाहेर आली. हात पदराला पुसले. "झालं दोघांचं?" म्हणाली.

धर्मा पाट खरवडायचा थांबला.

"मी सहा वर्षांची असल्यापासून तुमचं दोघांचं ऐकते. बाबा, तुमच्या सगळ्या फळ्या मला पाठ आहेत. मान्याकाका, तुमच्याही. विधवांचं काय करावं हे मी तुमच्या दोघांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय. वरून तुम्ही बोललात, वरून बाबा बोलले. मी कायम खाली. एकदा तरी कुणी म्हटलं का, यमुने, आता तू वर ये?"

ती ओरडली नाही. तांदळातला खडा बाजूला काढावा तसं बोलत होती.

"पावलूशी लग्न करायचं मी ठरवलंय. ते कोठीत लागो नाहीतर होडीत लागो. देवाचं मी अजून ठरवलेलं नाही. कुणी घाई करू नका. काका, तुम्हीपण नाही. आणि बाबा, मी मानलाच तर तुम्ही रुसायचं नाही."

धर्माने पाटावर हात टेकला. मग उठला. सुताराचे हात ते, लांब आणि जाड. खुंटीवरचं गाठोडं काढलं, गाठ सोडली आणि तिची लुगडी पुन्हा वळणीवर एकेक करून टाकायला लागला. नीट येत नव्हती त्याला. यमुना मदतीला गेली तर म्हणाला, "राहू दे. मी करतो. तू भात टाक, हा जेवून जाईल."

जेवताना म्हणाला, "कोपरला मी सांगून येतो. माझा दादा बोलणं टाकील. टाकू दे."

मी म्हटलं, "मुलांच्या पाण्याचं?"

"मुलं होतील तेव्हा भांडू."

"भांडू."

मग मी विचारलं. विचारल्याशिवाय मला जाववत नव्हतं. "धर्मा, गळ होता असं वाटतं तुला?"

त्याने भाताचा घास कालवत माझ्याकडे बघितलं. "बारा वर्षं गळ धरून बसायला धीर लागतो, मान्या. तुझ्यात कुठला एवढा धीर? तुला तर आखूड फळी पुरत नाही."

निघताना यमुना दारापर्यंत आली. "आता काका म्हणू की भाऊजी?" म्हणाली. मी म्हटलं, परवानगी येईपर्यंत काकाच म्हण. आणि सुकी मासळी खातेस का? तिने तोंडाला पदर लावला. म्हणाली, पावलूला विचारा. होडीतून काय काय यायचं ते त्याला ठाऊक आहे.

तिने पुढे पाणी घेतलं की नाही, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलंय. इथे मी ते लिहिणार नाही. तिचं ते तिचं. धर्मा आता नाही. त्याच्या माघारी त्याच्या नावाची मेणबत्ती मी लावतो, त्याला आवडलं नसतं तरी. उत्तर द्यायला त्याची फळी आली की देईल.

तर त्या सोमवारी सकाळी वखारीवर आलो. खड्ड्यावर नवा ओंडका चढवलेला होता, त्या साली आलेला सगळ्यात लांब. धर्माने आणि मी सूत धरलं, टणकन सोडलं. रेघ सरळ पडली. शेवटची फळी धर्माने वरून कापली होती, म्हणजे वर जायची पाळी माझी. असा ओंडका मिळाला की मी एरवी मुद्दे साठवून ठेवायचो, आणि त्या दिवशी मुद्दे कमी नव्हते. बाजूच्या खोलीचा होता. वाजंत्रीचा होता. विहिरीचाही होता.

मी शिडीवरून खड्ड्यात उतरलो.

"अरे, वरची पाळी तुझी," धर्मा काठावरून म्हणाला.

"चढ."

"का?"

"चढ म्हणतो ना."

मी नाकातोंडाला पंचा बांधला, खालची मूठ धरली आणि ओढली.